इतर हक्कांच्या रकान्यातली बाई



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीला येताना आम्ही सगळ्याजणींना एक काम सांगितलं होतं. घरच्या जमिनीचा सातबारा शोधायचा आणि घेऊन यायचा. बचतीच्या वह्या आपण बिनचूक आणतो, सातबारा मात्र निम्म्याजणींनी आणला नाही. कुणी म्हणाली, तो मालकांच्या पेटीत असतो आणि किल्ली त्यांच्याकडे. कुणी म्हणाली, सासऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, तुला गं कशाला पाहिजे? तीस वर्षं ज्या रानात खुरपलं, त्याचा गट नंबर आमच्यातल्या कितीतरीजणींना सांगता आला नाही.

जे उतारे आले, ते मधोमध सतरंजीवर मांडले. आमच्यातल्या एक काकू मोठ्या हौसेने माहेरचा उतारा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "माझं नाव हाय बघा बापाच्या जमिनीला. बाप वारला तवाच लागलं." आमच्यातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीने उतारा वाचला. नाव होतं. पण भावांची नावं होती खातेदारांच्या जागी. काकूंचं आणि त्यांच्या आईचं नाव होतं पार उजवीकडच्या रकान्यात. त्या रकान्यात सोसायटीचा बोजा होता, विहिरीचा हिस्सा होता, आणि त्या ओळींच्या खाली काकूंचं नाव. रकान्याचं शीर्षक होतं "इतर अधिकार". आपल्याकडे त्याला इतर हक्क म्हणतात.

काकू बराच वेळ उताऱ्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मी त्या विहिरीसारखी का?"

त्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येईना. बाईचं नाव त्या उजव्या रकान्यात कसं गेलं, आणि डावीकडे यायला किती वर्षं लागली, ही गोष्ट फार मागे जाते. आजच्या बोलण्यात आपण तीच सांगणार आहोत.

जन्माचा हक्क कुणाला

बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वर नावाचे पंडित होऊन गेले. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर-सोलापूरच्या शेजारचं. त्यांनी "मिताक्षरा" नावाचा ग्रंथ लिहिला. पुढे इंग्रजांच्या कोर्टांनी वाटणीचे खटले चालवताना हाच ग्रंथ मोठ्या प्रमाणावर आधाराला धरला. त्यात स्त्रीधन मानलेलं आहे. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत जन्मतःच हक्क मिळतो तो मुलाला. मुलगा पाळण्यात असला तरी त्या रानाचा वाटेकरी. मुलगी त्याच रानात राबून मोठी झाली तरी वाटेकरी नाही. तिचं लग्न करून द्यायचं, आणि विधवेला अन्नवस्त्र द्यायचं, एवढं घराचं कर्तव्य.

पुढे इंग्रजांचं राज्य आलं. १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर भागापासून जमिनीची नवी मोजणी सुरू झाली. सरकारला हवा होता सारा, आणि सारा भरणारा एक माणूस. तो माणूस म्हणजे घरातला कर्ता पुरुष. १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आला आणि गावागावांत हक्कांचं दप्तर तयार झालं. तुम्ही जुने उतारे बघितले असतील तर काही नावांपुढे "ए.कु.मॅ." असं लिहिलेलं दिसेल. त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे घरात दहा माणसं असली तरी कागदावर एकच नाव, थोरल्या भावाचं. धाकट्या भावांना निदान पुढे वाटण्या करून मागता आल्या. बहिणींचं नाव त्या कागदात कुठूनच येत नव्हतं.

आणि शेतात काम कोण करत होतं? लावणी, खुरपणी, वेचणी, काढणी, पाखडणी बायांची. पेरणीला तिफणीमागून बी सोडणंही बऱ्याच ठिकाणी बायांचंच. राखेत, मडक्यात बियाणं जपणं बायांचं. दावणीची जनावरं बायांची. फक्त नांगराला बाईने हात लावायचा नाही, असा नियम. ज्याने नांगर धरला तो शेतकरी, आणि बाकी सगळं केलं ती शेतकऱ्याची बायको. हा शब्दांचा हिशोब अजून पुरता फिटलेला नाही.

शेत सोडून बाकी सगळं

बाईला मालमत्तेत हक्क देणारा पहिला मोठा कायदा १९३७ साली झाला. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांनी तो मांडला, म्हणून त्याला देशमुख कायदा म्हणत. त्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या वाट्याइतका हक्क दिला. पण तो हयातीपुरता होता. तिने जमीन कसावी, खावी, आणि तिच्यामागे ती पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे जावी. मुलीला तर त्यात काहीच नव्हतं.

त्यातही एक मेख निघाली. १९४१ साली फेडरल कोर्टाने सांगितलं की शेतजमीन हा प्रांतांचा विषय आहे, दिल्लीच्या कायदेमंडळाचा नाही. त्यामुळे हा कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. मग शेतजमिनीसाठी प्रांतांना वेगळे कायदे करावे लागले. खेड्यातल्या विधवेकडे शेताशिवाय दुसरी मालमत्ता असते तरी काय?

त्याच १९३७ साली मुस्लिम व्यक्तिगत कायद्याचा, म्हणजे शरीयत कायदा लागू करण्याचा कायदा झाला. शरीयतमध्ये मुलीला भावाच्या निम्मा का होईना, ठरलेला हिस्सा आहे. पण त्या कायद्याच्या कलमातही लिहिलं गेलं, शेतजमिनीचा प्रश्न सोडून. म्हणजे एकाच वर्षात दोन धर्मांच्या बायांसाठी दोन कायदे झाले आणि दोन्हींतून शेत तेवढं बाहेर राहिलं.

बाबासाहेबांचा राजीनामा आणि १९५६ चा कायदा

स्वातंत्र्यानंतर कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू कोड बिल पुढे नेलं. मुलीला मुलाबरोबरीने वारसा मिळावा, विधवेचा हक्क अपुरा राहू नये, असा त्याचा रोख होता. संसदेत आणि बाहेर मोठा विरोध झाला. घरं फुटतील, भाऊ-बहीण वैरी होतील, जमिनीचे तुकडे होतील, असं बोललं गेलं. बिल रखडत गेलं. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि त्यामागे हे बिल बारगळलं हे एक मोठं कारण होतं. आपण बाबासाहेबांचं नाव घटनेसाठी घेतो. बायांच्या जमिनीच्या हक्कासाठीही ते घ्यायला हवं.

पुढे त्या बिलाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. त्यातला हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याने दोन मोठी कामं केली. विधवेचा हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा केला. आणि बापाच्या वाट्यात मुलीला मुलाइतका वारसा दिला.

"बापाच्या वाट्यात" हे शब्द नीट ऐका, कारण सगळी गोम तिथे आहे. समजा, वडिलोपार्जित नऊ एकर जमीन आहे. घरात बाप, दोन मुलगे आणि एक मुलगी. आई आधीच वारलेली. १९५६ च्या कायद्याने जन्माचा हक्क मुलांचाच राहिला. म्हणून आधी बाप आणि दोन मुलगे यांचे तीन-तीन एकरांचे वाटे पडणार. बाप मृत्युपत्र न करता वारला की त्याच्या तीन एकरांचे तीन भाग, दोन मुलांना एक-एक आणि मुलीला एक. शेवटी प्रत्येक भावाला चार एकर, बहिणीला एक. समान वारसा म्हणतात तो असा.

शिवाय राहत्या घरात बहिणीला वारसा असला तरी भावांनी वाटणी केल्याशिवाय तिला मागता येत नव्हती. आणि कूळहक्क कुणाकडे जावा, जमिनीचे तुकडे पडू नयेत, कमाल जमीन किती असावी, या शेतजमिनीच्या कायद्यांना वारसा कायद्याने हात लावला नाही. आपल्या कूळकायद्याचंही बघा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसेल त्याची जमीन झाली. लाखो कुळं मालक झाली, ही मोठीच गोष्ट होती. पण कसणारा म्हणून दप्तरात नाव होतं ते बहुतेक पुरुषाचं. त्याच रानात कसणारी त्याची बायको कागदावर कसणारी ठरली नाही.

आमच्या काकूंचे वडील याच काळात वारले. तलाठी भाऊसाहेबांनी वारस नोंद घेताना मुलांची नावं कब्जेदार म्हणून लावली आणि बायको-मुलीची नावं उजव्या रकान्यात टाकली. असं गावोगाव झालं. कायद्याने बाई वारस होती. लिहिणाऱ्याच्या डोक्यात ती "इतर" होती.

चांदवड आणि लक्ष्मीमुक्ती

आता त्या गोष्टीकडे येऊ, जी आपल्यातल्या वयस्क बायांना अजून आठवत असेल.

नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं. कांद्याच्या, कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या बाया तिथे आल्या. ट्रकमधून, ट्रॅक्टरमधून, भाकरी बांधून आल्या. इतक्या मोठ्या संख्येने खेड्यातल्या बाया एका जागी आलेल्या त्याआधी फारशा कुणी पाहिल्या नव्हत्या. शेतमालाच्या भावाबरोबर तिथे घरातली मारहाण, दारू, पंचायतीतली जागा आणि मालमत्ता यांवर उघड बोलणं झालं.

त्याच ऐंशीच्या दशकात सांगली-सातारा भागात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्ता बायांचा प्रश्न लावून धरला होता. नवऱ्याने टाकलेल्या बाईला रेशनकार्ड नाही, घर नाही, जमीन नाही. ती जिवंत आहे, पण एकाही सरकारी कागदावर कुटुंब म्हणून नाही. दोन्हीकडच्या बाया वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचत होत्या. बाईच्या नावावर काही नसलं की तिला घरात ठेवायचं की काढायचं, हे दुसऱ्याच्या मर्जीवर.

चांदवडनंतर तीन-चार वर्षांत, १९९० च्या आसपास, शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शरद जोशींची मांडणी साधी होती. शेतकरी सरकारकडे कर्जमुक्ती मागतो. त्याच वर्षी केंद्र सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतची शेतीकर्जं माफ करायचं ठरवलं होतं. पण शेतकऱ्याच्या डोक्यावर आणखी एक कर्ज आहे, घरातल्या लक्ष्मीचं. तिने जन्मभर फुकट राबून दिलं त्याचं. ते फेडायचं तर जमिनीचा एक तुकडा तिच्या नावावर करा. ज्या गावात शंभर घरांनी हे केलं, त्या गावात शरद जोशी स्वतः जात. शेकडो गावं त्यात उतरली.

जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावाचं नाव तेव्हा पुष्कळ गाजलं. तिथे सगळ्या बायांची ग्रामपंचायत निवडून आली होती, आणि तिथल्या घरांनी बायांच्या नावे जमिनीही केल्या. पंचायत आणि जमीन, दोन्ही एका गावात. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ज्या बाया पंचायतीच्या खुर्चीवर बसल्या, त्यांना घरच्या उताऱ्यावरही बसावंसं वाटलं.

शरद जोशी त्या वेळी सीतेचा दाखला देत. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी गाव आहे. तिथे एकट्या सीतेचं जुनं देऊळ आहे, सोबत राम नाही. गावात सांगतात, वनवासात टाकलेली सीता इथे आली, लव-कुश इथे जन्मले. बाळंतिणीने गावात पसाभर गहू मागितला, तो कुणी दिला नाही. तेव्हा तिच्या तोंडून गेलं की या गावात गहू पिकणार नाही. पुढे संघटनेने या पडक्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आपण बाया ही गोष्ट ऐकतो तेव्हा लगेच कळतं. राजाची राणी होती, भूमीची लेक होती. पण जायला सांगितलं तेव्हा उभं राहायला तिच्या नावाची वीतभर जागा नव्हती.

बायकोच्या नावे जमीन करायची तर बक्षीसपत्र, मुद्रांक, नोंदणी असा खर्च येतो. या अडचणीत पुष्कळ घरांची इच्छा कागदापर्यंत पोचली नसती. १९९२ साली महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढलं. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला, तर त्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून फेरफाराने लावता येतं, मुद्रांकाच्या खर्चाशिवाय. त्या योजनेचं नावही लक्ष्मीमुक्ती. ती पुढेही चालू राहिली. चळवळीतून सरकारी योजनेत आलेला हा शब्द आहे, हे मात्र अर्ज करणाऱ्या फार थोड्याजणींना माहीत असतं.

त्याचं उणंही सांगायला हवं. लक्ष्मीमुक्ती नवऱ्याच्या राजीखुशीवर आहे. ज्या घरात समजूत आहे तिथे ती होते. ज्या घरात मार आहे, तिथे तिची सगळ्यात जास्त गरज असते आणि तिथेच ती होत नाही. म्हणून मन वळवणं एका हाताने आणि कायदा दुसऱ्या हाताने, असे दोन्ही हात लागतात.

लेकीचा जन्माचा हक्क

कायद्याचा पुढचा टप्पा आपल्याच राज्यात आला. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रात लेकीला मुलासारखा जन्माचा हक्क मिळाला. पण त्यातही अट होती. त्या तारखेआधी लग्न झालेल्या लेकींना तो नाही. एकाच घरातल्या थोरलीला नाही आणि धाकटीला आहे, असं कितीतरी घरांत झालं.

मग ९ सप्टेंबर २००५ ची देशभराची दुरुस्ती आली. लग्न झालेली असो वा नसो, लेक जन्मापासून वाटेकरी. शेतजमिनीची पळवाट निघाली. राहत्या घराचीही निघाली. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्र्या तेवढ्या तशाच राहिल्या. वडील २००५ च्या आधी वारले असतील तर काय, यावर कोर्टाकोर्टांत वेगवेगळे निकाल लागत होते. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्याचा उलगडा केला. हक्क जन्माने मिळतो, म्हणून २००५ साली वडील हयात असणं जरुरीचं नाही. आता त्या नऊ एकरांचा हिशोब पुन्हा करा. दोन भाऊ, एक बहीण, प्रत्येकी तीन एकर. एक एकरापासून तीन एकरांपर्यंत यायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

हा वारसा कायदा आदिवासी बायांना सरळ लागू होत नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात एक चांगली गोष्ट झाली. लग्न झालेल्या दावेदाराचा वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा, असं कायद्यातच लिहिलं. तिथे नवऱ्याच्या मर्जीचा प्रश्न ठेवला नाही. नंदुरबार, गडचिरोलीच्या ज्या मैत्रिणी आम्हांला ऐकतात, त्यांनी आपल्या पट्ट्यावर दोन्ही नावं आहेत का ते बघावं.

मग शंभरात चौदाच का?

२०१५-१६ ची कृषिगणना सांगते, देशात वहिवाटीच्या शंभर खात्यांपैकी चौदाच्या आसपास बायांची, आणि शंभर एकरांतले बाराच्या आसपास एकर त्यांच्याकडे. आणि खेड्यातल्या कामकरी बायांत चारातल्या जवळजवळ तिघी शेतीत आहेत.

नाव नसल्याचा तोटा मोजायला लांब जायला नको. पीककर्ज, पीकविमा, अनुदान, किसान सन्मानचे पैसे, सगळं सातबाऱ्यावर चालतं. विदर्भ-मराठवाड्यात कर्जाखाली शेतकरी गेला की त्याच्या बायकोला आधी वारस म्हणून नाव लावायला झगडावं लागतं, मगच पुढची मदत. आणि बाईनेच जीव दिला तर? नावावर जमीन नाही, म्हणून ती शेतकरी म्हणून मोजलीही जात नाही. याच जाणिवेने एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत असताना महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक मांडलं होतं. ते मंजूर न होताच राहिलं.

जमीन नावावर असली की काय बदलतं, याचा अभ्यास बीना अग्रवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केला. ज्या बायांच्या नावे घर नाही आणि जमीनही नाही, त्यांच्यात शंभरात एकोणपन्नासजणींनी दीर्घकाळ मारहाण सोसली होती. ज्यांच्या नावे घर आणि जमीन दोन्ही होतं, त्यांच्यात शंभरात सातजणींनी. त्या कागदाने नवऱ्याचा स्वभाव बदलला असेल असं नाही. पण बाईला जायला जागा आहे, हे दोघांनाही माहीत होतं.

मग एवढे कायदे होऊनही शंभरात चौदाच का? इथे आम्हांला आमच्याकडेच बोट दाखवावं लागतं.

कायद्याने दिलेला हक्क बहुतेक वेळा घरातच परत घेतला जातो, आणि त्या कागदाचं नाव हक्कसोडपत्र. बाप गेल्यावर दिवस-कार्य होतं, आणि थोड्या दिवसांनी भाऊ गाडी घेऊन येतो. "ताई, एक सही करायची आहे." साडीचोळी होते, हॉटेलात जेवण होतं, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही होते. आमच्यातल्या कितीतरीजणींनी अशी सही केली आहे. न वाचता केली आहे. का केली? माहेर तुटू नये म्हणून. दिवाळीला कुणी न्यायला यावं म्हणून. सासरी काही वाकडं झालं तर एक दार उघडं राहावं म्हणून. ही भीती खोटी नाही. तिला कुणी वेडेपणा म्हणू नये.

पण दुसरी बाजू त्याहून अवघड आहे. माहेरी आपण बहीण असतो आणि सासरी भावजय. माहेरची सही करताना आपल्या डोळ्यांत पाणी येतं. आणि सासरी नणंदेने हिस्सा मागितला की आपणच म्हणतो, हिला काय कमी आहे? लग्नात एवढा खर्च केला तो विसरली का? बैठकीत हा विषय निघाला तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. कारण आमच्यातल्या दोघी एकमेकींच्या नणंद-भावजय होत्या.

शेवटी भावजयच बोलली. म्हणाली, "माझ्या माहेरी मी सोडलं, म्हणून वन्संनी इथं सोडावं असं मला वाटत हुतं. दोघींनी सोडलं. मग राहिलं कुणाकडं?"

आम्हांला वाटतं, सगळ्या इतिहासाचा मुद्दा तिने एका प्रश्नात मांडला. एका बाईने सोडलेली जमीन दुसऱ्या बाईला मिळत नाही. ती भावाच्या, नवऱ्याच्या, नाहीतर मुलाच्या नावावर जाते. नणंद-भावजयीने भांडायचं ते आपसांत नाही. दोघींची नावं आपापल्या उताऱ्यावर डावीकडे यावीत, एवढंच मागायचं.

पुढच्या बैठकीपर्यंत

म्हणून आम्ही गटाने काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हीही करून बघा.

घरचा आणि माहेरचा सातबारा, आठ अ आणि जुने फेरफार काढा. मोबाईलवरही उतारा बघता येतो, पोरीबाळींना सांगा. आपलं नाव आहे का, एवढंच बघू नका. कुठल्या रकान्यात आहे ते बघा.

घरात कुणी वारलं की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीची वर्दी द्या आणि पोच घ्या. अर्जात सगळ्या लेकींची नावं आहेत का, ते स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर गटातल्या पोरीला सोबत न्या. नोटीस निघाल्यावर हरकतीला पंधरा दिवस असतात, ते हातचे घालवू नका.

नाव उजवीकडे असेल किंवा सुटलंच असेल, तर वारसाचे पुरावे जोडून तहसील कार्यालयात अर्ज करा. घरात समजूत असेल तर लक्ष्मीमुक्तीचा अर्ज करा. गावातल्या दहा घरांनी एकाच दिवशी केला तर एकट्या घराला संकोच वाटत नाही. नव्वद सालच्या बायांनी हेच शिकवलं.

हक्कसोडपत्रावर घाईने सही करू नका. नोंदणी झालेलं पत्र मागे फिरवणं फार अवघड जातं. भावाची ओढाताण खरी असेल, तुम्हांला मनापासून सोडायचं असेल, तर तो तुमचा निर्णय. पण तो वाचून, समजून, दोन दिवस विचार करून घ्या. कोर्टाची वेळ आलीच, तर तालुका विधी सेवा समितीकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

काकूंचं काय झालं, ते विचाराल. त्यांनी अर्ज केला. दोन हेलपाटे झाले, अजून फेरफार व्हायचा आहे. धाकटा भाऊ म्हणाला, ताईचं नाव लागू दे. थोरला यंदा भाऊबीजेला आला नाही. काकूंनी ओवाळणीचं ताट करून ठेवलं होतं, ते रात्री उचललं. दुसऱ्या दिवशी खुरपायला आल्या तेव्हा आम्ही विचारलं, वाईट वाटतंय का? म्हणाल्या, "वाटतंय की. पण अर्ज माघारी घ्यायचा न्हाई."

पुढच्या बैठकीला येताना उतारा आणा, मैत्रिणींनो.